देऊ केलेला विसावा

विश्रांती स्वतःहून घ्यावी. कोणी ती देऊ केली, तर आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहावे. हे मला कोणी शिकवले नाही. वैशाखातल्या दुपारींनी शिकवले. आता पुन्हा वैशाख आहे. पुसेगावच्या घरी ओसरीवर बसून मी हे लिहितो आहे. अंगणात वाळत घातलेली हळद उचलून झाली; तिच्या जागी जमिनीवर पिवळा डाग राहिला आहे. रस्त्यावर माणूस नाही. समोरचा किराणा दुकानदार अर्धे शटर ओढून आत पोत्यांवर आडवा झाला असणार. त्याला झोप म्हणून कोणी सांगितलेले नाही. म्हणूनच त्याच्या झोपेवर माझा विश्वास आहे.

सकाळी पुण्याहून सूनबाईंचा फोन आला. अश्विनी परभणीची. बोलणे मोकळे, पण मुख्य मुद्दा शेवटी ठेवण्याची सवय. आमच्याकडे सून सासऱ्याला मामा म्हणते आणि सासूला आत्या.

"मामा, यंदाही सुट्टीत त्या पार्कलाच जायचं ठरवून राहिलो आम्ही. पण दुपारी सगळ्यांनी खोलीवर यायचं, हे आधीच ठरवून घेऊ. मागच्यासारखं भांडण नको."

"भांडण कोणी केले होते?"

"कोणीच न्हाई. म्हणून तर."

मग तिने सांगितले की त्यांच्या इमारतीतल्या बायकांत सध्या हाच वाद आहे. अशा मनोरंजन उद्यानात गेलेल्या कुटुंबाला दुपारच्या विश्रांतीची गरज असते का? काहींचे म्हणणे, एवढ्या लांब जायचे आणि खोलीत लोळायचे, यापेक्षा घरीच थांबावे. काहींचे म्हणणे, दुपारी न झोपलेले कुटुंब संध्याकाळी एकमेकांच्या अंगावर येते. "तुम्हाला काय वाटतं, मामा?" तिने विचारले. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले असते, तोच प्रश्न वडीलधाऱ्यांना विचारला जातो. मी विचार करतो म्हणालो. त्यावर ती फोन ठेवता ठेवता बोलली, "आणि त्या दुसऱ्या गोष्टीचंही यंदा ठरवूच."

ती दुसरी गोष्ट अशी: शेत बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला द्यायचे, या घराला कुलूप घालायचे आणि आम्ही नवराबायकोने कायमचे पुण्याला जायचे. हा प्रस्ताव माझ्या मुलाचा, संजयचा. मागच्या वैशाखात मी त्याला म्हणालो होतो, पुढच्या वैशाखात बोलू. शब्द दिला की महिना येतोच.

माझे वडील दुपारी औत सोडत. बैल बाभळीखाली नेत, पाणी दाखवत, पुढ्यात कडब्याची पेंढी टाकत. मग जू जिथे टेकते त्या खांद्यावरून सावकाश हात फिरवत. लहानपणी मला ती माया वाटे. पुढे कळले, ती तपासणी होती. जू मानेवर असेपर्यंत खांदा दिसत नाही. सूज आली का, कातडी सोलली का, हे जू उतरल्यावरच कळते. दुपार ही बैलाच्या विसाव्याची वेळ खरी. मालकासाठी मात्र ती पाहणीची वेळ. बाजारातली रीत याहून कडक. दात पाहून जनावराचे वय कळते. दम किती उरला ते कळत नाही. चालवूनही कळत नाही, कारण चार माणसांसमोर चालताना कोणताही बैल अब्रू राखतो. जाणता गिऱ्हाईक त्याला बसू देतो, आणि मग उठवतो. वडील म्हणत, "उभं जनावर खोटं बोलतं. उठतं जनावर खरं बोलतं."

अशा घरात वाढलेल्या माणसाला भर दुपारी कोणी "जरा पडा" म्हटले, तर त्याच्या मनात काय येईल, ते वाचकाने ठरवावे.

पुढे मी शिक्षक झालो. परीक्षांच्या खोल्यांतून फिरण्यात माझे आयुष्य गेले. मान कशी वळली म्हणजे मूल विचार करते आहे आणि कशी वळली म्हणजे शेजारच्या बाकावरचे पाहते आहे, हे मला लांबून कळते. घरात याला माझा संशयी स्वभाव म्हणतात. मी त्याला नोकरीची सवय म्हणतो. निवृत्त झाल्यावर शेत पुन्हा हातात घेतले, तेव्हा ही सवय तिथेही उपयोगी पडली.

मागच्या वर्षी हळद शिजवण्याच्या दिवसांत मला भोवळ आली. शिजत्या हळदीची वाफ जड असते. ती घशात बसते, डोळ्यांत उतरते. कपड्यांचा वास धुऊनही जात नाही. ऊन वरून, वाफ खालून. मी उभ्या उभ्या शेजारच्या पोत्यावर बसलो. कोणीतरी पाणी दिले. दोन घोटांत जग जागेवर आले. प्रसंग एवढाच. घरी आल्यावर पत्नीला, कौसल्येला, मी सांगितले की हे संजयच्या कानावर जाता कामा नये.

"मी काहून सांगू?" ती म्हणाली. "मला काय दुसरं काम न्हाई?"

थोड्याच दिवसांत संजयचा फोन आला. त्याने आधी हळदीच्या भावाची चौकशी केली, नंतर पावसाच्या अंदाजाची, आणि मग अगदी सहज विचारल्यासारखे, "बाबा, तब्येत बरी आहे ना?" आजवर त्याने ही चौकशी भावाच्या आधी केली होती किंवा केलीच नव्हती. मी कौसल्येकडे पाहिले. ती तांदूळ निवडत होती. तांदळात त्या दिवशी एकही खडा नव्हता, तरी तिने मान वर केली नाही.

त्याच फोनवर उद्यानाचे निमंत्रण आले. सगळे मिळून जाऊ, उद्यानाच्या शेजारीच हॉटेल आहे, तिथेच मुक्काम करू. मुलाने मला आजवर कधी पाळण्यात बसायला बोलावले नव्हते. पाहणी होणार, हे मी ओळखले. पाहणीत खरा उतरलो नाही, तर शेत बटईला आणि मी आठव्या मजल्यावर. पुण्याशी माझे वैर नाही. पण तिथे मी पाहुणा असतो. आणि सकाळी उठून काय करायचे, हे पाहुण्याला ठरवता येत नाही. इथे कोणत्या तुकड्यात हळद आणि कोणत्या तुकड्यात सोयाबीन, हे मी ठरवतो. या वयात ठरवण्यासारखे तेवढेच उरले आहे. मी जायचे कबूल केले. पाहणीला नकार देणारे जनावर तिथेच नापास होते.

त्या उद्यानाच्या दारात आमच्या मनगटांवर कागदी पट्टे बांधले. जनावरांच्या कानात बिल्ला मारतात, त्याची आठवण झाली. कौसल्येने हात उलटासुलटा करून पट्टा पाहिला.

"बांगडीवाणी दिसून राहिली," ती म्हणाली. "तुमाला शोभती."

आत डोंगर होता, तो पोकळ. गुहा होती, तिच्यात गार हवा सोडणारे यंत्र. ताडाची झाडे होती, त्यांची पाने प्लास्टिकची. त्या झाडांना सावली होती, पण गारवा नव्हता. रांगांसाठी लोखंडी कठडे होते. त्यांच्यातून माणसे वळणे घेत एकमेकांच्या तोंडासमोरून पुनःपुन्हा जात. उकडलेल्या मक्याचा वास, पाण्यातल्या औषधाचा वास, आणि सगळ्यावर पसरलेले एकच गाणे. सकाळी लागलेले ते गाणे दुपारीही तेच होते. माझ्या लक्षात आले की या जागेतून दुपार काढून टाकली आहे. ती मुद्दाम काढली असावी. दुपार झालेली कळली की माणसाला घराची आठवण होते, आणि घर आठवलेला माणूस गिऱ्हाईक म्हणून निकामी असतो.

पण काढून टाकलेली दुपार माणसांच्या अंगात उगवते. ऊन डोक्यावर आले आणि आजूबाजूची कुटुंबे बदलू लागली. सकाळी हात धरून चालणारी माणसे एकामागे एक चालू लागली. एक गृहस्थ रडणाऱ्या मुलाला दंडाला धरून विचारत होता, "मजा करायला आलोय ना आपण? मग रडतोस कशाला?" थोड्या वेळाने हाच प्रश्न दुसऱ्या कुटुंबात ऐकला, मग तिसऱ्या. मजेची वसुली चालली होती.

अश्विनी थांबली. "आता खोलीवर," ती म्हणाली. "जेवायचं, झोपायचं, उन्हं उतरली की परत यायचं."

"झोपायला घर नव्हतं का?" संजय म्हणाला. "एवढ्या लांब आलो ते झोपायला?"

अश्विनीने माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेमागून संजयची नजर आली, माझ्या चेहऱ्यावर थांबली, आणि त्याचे मत बदलले.

"बरं. बाबांसाठी जाऊ."

'बाबांसाठी.' हा शब्द मी ओळखला.

"माझ्यासाठी कोणी कुठे जायचे नाही," मी म्हणालो. "मला ती नाव पाहायची आहे." उंच उतारावरून पाण्यात कोसळणारी एक नाव समोर दिसत होती, म्हणून तिचे नाव घेतले.

"जन्मात कधी नदीत पाय न्हाई घातला," कौसल्या म्हणाली, "आन् आता नाव पायची."

"तुम्ही जा. मी पाहून येतो."

"मग मी थांबतो बाबांजवळ," संजय म्हणाला. अश्विनीचा चेहरा उतरला. तो माझ्या काळजीने उतरला, असे मी समजलो. ती, कौसल्या आणि नात स्वरा खोलीवर गेल्या. आम्ही दोघे नावेच्या रांगेत उभे राहिलो.

रांग लांब होती. संजय एका हाताने तापलेला कठडा धरून दुसऱ्या हाताने फोनवर बोलत होता. फोन संपला की दुसरा येई. सुट्टीत आहे, असे तो प्रत्येकाला सांगे आणि पुढे कामाचेच बोले. मधल्या फटीत त्याने विचारले, "बाबा, पाय दुखत असतील तर सांगा."

"तुझे दुखतात का?"

"नाही."

"माझेही नाही."

नाव कोसळली तेव्हा तिच्यातले सगळे ओरडले. आम्ही दोघे गप्प बसून खाली पडलो. त्या क्षणाचे छायाचित्र तिथे आपोआप निघते. संध्याकाळी ते पाहून स्वरा पोट धरून हसली. "आबा, तुम्ही आणि बाबा एसटीत बसल्यासारखे दिसता." संजय हसला नाही. तो खुर्चीत मागे डोके टेकून बसला होता, आणि त्याच्या ओठांचा रंग मला बरोबर वाटला नाही. उन्हाने असेल, म्हणून मी सोडून दिले. माझ्या पोटऱ्यांत गोळे आले होते. त्यांची मला अधिक चिंता होती. न्हाणीघराचे दार लावून मी त्या चोळल्या आणि पाण्याचा नळ सोडून ठेवला, म्हणजे बाहेर काही कळू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी स्वराने मला सरळ सांगून टाकले. "आबा, आई म्हणाली, आबांकडं लक्ष ठेव. ते कुठं बसले की मला येऊन सांग." मुले साक्षीदार म्हणून उत्तम असतात, हेर म्हणून नाही. माझा संशय आता संशय राहिला नाही. त्या सकाळी मी कुठेही बसलो नाही.

दुपारी मात्र स्वरा स्वतःच बसली, भर वाटेत, आणि रडू लागली. कारण विचारले तर कारण नव्हते. तिने माझे बोट धरले ते सोडेना. "आज सगळे," अश्विनी म्हणाली. "मामा, तुमी पण." संजय काही बोलू लागला होता, तिने माझ्याकडे बोट केले आणि तो खोलीच्या दिशेने वळला. धरलेले बोट सोडवून घेण्यासारखे माझ्यापाशी कारण नव्हते. मी गेलो.

खोलीत मी खुर्ची घेतली. पलंगावर आडवा झालो नाही. आडव्याला उठावे लागते. खिडक्यांचे पडदे ओढल्यावर त्या खोलीत खरी दुपार झाली. यंत्राची घरघर, पाच माणसांचे श्वास, ओल्या कपड्यांचा वास. मला वर्गाच्या सहलींची आठवण झाली. मुलांना घेऊन मी नरसीला जात असे. दर्शन झाले, डबे खाऊन झाले की मुले झाडांखाली सतरंजीवर आपोआप आडवी होत. रस्त्यावरचे प्रसादाचे दुकानदारही मालावर फडके टाकून मागे झोपलेले असत. नारळ हवा असेल, तर त्याला हाक मारायची आणि तो कुरकुरत उठेपर्यंत थांबायचे. सहलीत दुपारची विश्रांती हवी की नको, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. दुपार आली की ती होत असे.

"तुमी काहून न्हाई झोपून राहिले?" पलंगावरून कौसल्येने विचारले. "डोळा लागला तर काय इस्टेट जाती का?"

"जाते," मी म्हणालो.

"बसा मग राखण करत." तिने कूस बदलली आणि तिला झोप लागली.

संजय जमिनीवर गादी टाकून पडला होता. फोन हातात होता. बोलता बोलता त्याचे शब्द तुटले आणि तो फोनसकट झोपला. त्याची झोप मला नीट वाटली नाही. झोप येते तशी ती आली नव्हती. माणूस पडतो तशी ती पडली होती. अश्विनी उठली. त्याच्या बोटांतून तिने फोन एक एक बोट सोडवून काढला, आवाज बंद केला आणि तो स्वतःच्या उशीखाली ठेवला. मग ती माझ्या खुर्चीजवळ येऊन खाली बसली.

"मामा, झोपा आता. हे झोपले म्हणजे झालं."

"ही विश्रांती तू कोणासाठी ठरवली आहेस?"

तिने झोपलेल्या नवऱ्याकडे एकदा पाहून घेतले. "खरं सांगू? ह्यांच्यासाठी. पण तुमच्या नावावर."

"माझ्या नावावर म्हणजे?"

"रक्तदाबाची गोळी चालू झाली ह्यांना. डॉक्टर म्हणाले, दुपारी घटकाभर पडा, फोन दूर ठेवा, न्हाई तर पुढं तकलीफ होईल. हे ऐकत न्हाईत. माझं न्हाई, लेकराचं न्हाई. घरी तर आमच्याकडं दुपार अशी नसतेच, रविवारी सुद्धा. आत्यांनी तुमच्या चक्करीचं सांगितलं, तेव्हा मला सुचलं. मामांना दमतं, त्यांना खोलीवर एकटं सोडता येत न्हाई, असं म्हटलं तर हे येतील. काल तुमी नावेत जाऊन बसलात, आणि माझा सगळा बेत पाण्यात गेला."

"मला हे आधी का कळवले नाही?"

"तुमाला न्हाई सांगायचं, अशी ताकीद आहे ह्यांची. आत्यांना पण न्हाई. बाबा उगाच मनाला लावून घेतील म्हणतात."

लपवण्याची विद्या तो पुण्यात शिकलेला नाही.

"उद्या शेवटचा दिवस," ती म्हणाली. "उद्या तुमीच म्हणा, मामा. दमलो म्हणा. मी म्हटलं की ह्यांना संशय येतो."

ती जाऊन स्वराजवळ आडवी झाली. मी खुर्चीतच होतो. संजयच्या सदऱ्याची कॉलर सरकली होती. तो रोज जी संगणकाची पिशवी वाहतो, तिचा पट्टा जिथे बसतो, तिथे खांद्यावरची कातडी काळवंडून जाड झाली होती. मी हात लावला नाही. पाहिले. कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. ते तो उभा असताना मला कधी दिसले नव्हते.

त्या खुर्चीत बसून मी हिशेब मांडला, आणि तो सुटण्यासारखा नव्हता. मुलाला झोपवायचे, तर मी त्याच्यासमोर थकलो असे म्हणावे लागणार. थकलो असे म्हटले, की पाहणी संपली. मग शेत, घर, सकाळ, सगळे त्याच्या बाजूने निकाली निघणार. म्हणजे ज्या एका शब्दापासून मी भर उन्हात दोन दिवस पळत होतो, नेमका तोच शब्द माझ्याकडे मागितला गेला होता. शिवाय खरे कारण सांगण्याची मला मोकळीक नव्हती. ते सुनेने विश्वासाने सांगितले होते.

तिसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आले तेव्हा संजय आम्हाला एका नव्या रांगेकडे नेत होता. मी थांबलो.

"दमलो," मी म्हणालो. "खोलीवर चला."

कौसल्येने माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांच्या संसारात तिने हा शब्द माझ्या तोंडून ऐकला नव्हता. तिने भर रस्त्यात माझ्या कपाळाला हात लावला. "ताप तर न्हाई," ती अश्विनीला म्हणाली. संजयने फोनवरच्या माणसाला नंतर बोलतो म्हणून सांगितले, फोन खिशात टाकला आणि माझे कोपर धरले. मी ते सोडवले नाही. खोलीपर्यंत तो तसाच चालला.

काम करायचे तर पुरते करावे. मी पलंगावर आडवा झालो. माझ्याशेजारी पाठ टेकून बसल्या बसल्या संजय झोपला, आणि उन्हे उतरेपर्यंत हलला नाही. अश्विनी दारापाशी बसून होती; बाहेर कोणी मोठ्याने बोलले की ती उठून जाई. त्या दुपारी त्या खोलीत पाहण्यासारखे एवढेच घडले. पण दोन दिवस जे उद्यान पाहिले, त्यातले मला फारसे आठवत नाही. ही दुपार आठवते.

उठण्याची वेळ आली तेव्हा माझा उजवा गुडघा आखडला होता. एक हात भिंतीला, एक पलंगाच्या कडेला, आणि मधे थोडा वेळ. संजय जागा झाला होता. त्याने ते सगळे पाहिले.

संध्याकाळी आम्ही दोघे हॉटेलच्या व्हरांड्यात होतो. "बाबा, आता पुरे," तो म्हणाला. "या पावसाळ्यात शेत बटईनं द्या. तुम्ही स्वतःच म्हणालात, दमलो. आता नाही म्हणू नका." बऱ्याच दिवसांनी त्याचा आवाज ताजा होता. त्या झोपेने आलेला ताजेपणा माझ्याविरुद्धच वापरला जात होता. मी म्हणालो, पुढच्या वैशाखात बोलू.

गावाकडे परतताना बसच्या खिडकीपाशी मला एक शंका आली. ती अजून गेलेली नाही. अश्विनीचा बेत एकच होता, की दोन? नवरा झोपला, हे खरे. पण त्याच बेतात माझ्या तोंडून कबुलीही निघाली, तीही सर्वांसमोर, माझ्या इच्छेने. परभणीच्या त्या मुलीने मला एक खरी गोष्ट सांगितली. तेवढ्यावरून तिच्या मनात दुसरी नव्हती, असे ठरत नाही. कौसल्येला मी हे बोलून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "तुमाला कुणी पाणी दिलं तरी तुमी आधी तांब्याचं बूड पाहता." हे बरोबर आहे. पण कधीकधी बुडाला भोक असते.

वर्षभर मी शेत पाहिले. हळद लावली, काढली, शिजवली. शिजवताना या वेळी सावलीत खुर्ची टाकून बसलो, हे कोणाला सांगितले नाही. आणि दुपारी ओसरीवर बसून अश्विनीच्या इमारतीतल्या बायकांच्या प्रश्नाचा विचार केला. माझे उत्तर असे. कुटुंबाला दुपारची विश्रांती लागते. पण अंगाला थकवा येतो, एवढ्यासाठी नाही. अंग संध्याकाळपर्यंत ओढता येते. रांगेत, पाळण्यात, नावेत प्रत्येक जण पुढे पाहत असतो; शेजारी कोण आहे ते त्याला दिसत नाही. पडदे ओढलेल्या खोलीत माणसे आडवी होतात, तेव्हा कोणाचे काय झाले आहे ते उघडे पडते. म्हणूनच घरातला प्रत्येक जण ही विश्रांती दुसऱ्याला आग्रहाने देतो आणि स्वतः टाळतो. आमच्या घरात तर सगळेच टाळणारे.

हे इथपर्यंत लिहून झाले, आणि संजयचा फोन आला.

"बाबा, यंदा येताना सामान जरा जास्तीचं आणा. परत जायची घाई करू नका. वैशाखात बोलू, असं तुम्हीच म्हणाला होता."

"बोलतो. तू दुपारी पडतोस का?"

"मी तुमच्याबद्दल बोलून राहिलो, बाबा." पुण्यात तो शुद्ध बोलतो, अडचणीत सापडला की गावचा होतो.

"मी तुझ्याबद्दल बोलतो आहे. जितके दिवस तू दुपारी फोन बाजूला ठेवून घटकाभर पडशील, तितके दिवस मी पुण्यात राहीन. ज्या दिवशी चुकवशील, त्या संध्याकाळची गाडी धरीन. शेत बटईला जाणार नाही."

"दुपारी माझं ऑफिस असतं."

"माझे शेत असते."

मागून अश्विनीचा आवाज आला, जवळून. म्हणजे ती सुरुवातीपासून ऐकत होती. "कबूल म्हणा. मामा, कबूल आहे ह्यांना. मी पाहते रोज."

होकार फार लवकर आला. इतक्या लवकर आलेल्या होकारामागे काय असते, ते मला ठाऊक आहे; आणि नसलेच काही, तर तेही मला पुण्याला गेल्याशिवाय कळणार नाही. पेरणी जवळ आली आहे. मुलगा चार दिवसांच्या वर ही अट पाळील, असे मला वाटत नाही.

कौसल्या पिशवी उघडून बसली होती. "किती धोतरं ठेवू?" तिने विचारले.

"दोन."

ती पाणी आणायला आत गेली. मी उठलो, दोरीवरचे तिसरे काढून घडी केली, पिशवीत तळाशी सारले आणि वरून टॉवेल टाकला.